आर्क लागली ती संध्याकाळ

हुडको कॉलनीत कुणी गेट वेल्ड करत होतं. जळक्या रॉडच्या वासानं ती जुनी संध्याकाळ आठवली. नवरा काविळीनं गेल्यावर कारखान्यात त्याच्या जागी मला घेतलं आणि वेल्डिंग शिकायला पाठवलं. तोवर मी रडलेच नव्हते. त्या दिवशी काळी काच डोळ्यांपुढे धरायच्या आधीच रॉडच्या टोकाला आर्क पेटली आणि तिचा लखलखाट थेट डोळ्यांत गेला. घरी पोचल्यावर डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग झाली, पाणी थांबेना. सासूबाईंनी मला जवळ ओढलं. "रडून घे बाई. इतके दिवस काहून दाबून ठेवलं?" म्हणाल्या आणि स्वतःच हमसून रडू लागल्या. हे पाणी आर्कचं आहे, असं मी सांगितलं नाही. त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. त्यांचं रडणं अजून कानांत आहे. मला काय वाटत होतं, ते मात्र आठवत नाही.