माणकाची रिकामी बाटली

देवाने नाक सगळ्यांनाच दिलं, पण ते कशासाठी दिलं हे फक्त आमच्या थोरल्या साडूंना सांगितलं, असं माझं ठाम मत आहे. आम्ही बाकीचे लोक नाक चष्मा अडकवायला वापरतो. हा गृहस्थ मंडईत प्रत्येक टोमॅटो नाकाला लावून मगच पिशवीत टाकतो. गुजराती भाजीवाली तोंडावर विचारते, "काका, खावानां छे के सूंघवानां?" खायचेत की हुंगायचेत, हे न सांगता साडू पुढचा टोमॅटो उचलतात. मी मकरपुऱ्याच्या आमच्या कारखान्यातून त्यांच्याकडे गेलो की दारातच मला हुंगून सांगतात, आज लेथवर होतात आणि येताना सेव-उसळ खाल्लीत. हे माझ्या बायकोसमोर सांगतात, हे विशेष.

नंदेसरीच्या एका रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं गोदाम सांभाळून ते निवृत्त झाले, आणि इतर लोक ज्या वयात सकाळी बागेत टाळ्या वाजवत हसतात, त्या वयात यांनी घडियाळी पोळच्या जुन्या गल्लीत, घराखालच्याच खोलीत अत्तराचं दुकान काढलं. तेही साधं नाही. नवरत्नांची नऊ अत्तरं, प्रत्येकाला त्या रत्नाच्या रंगाचा वास! मोती म्हणजे तांदळाच्या पेजेची वाफ आणि थोडा मोगरा. नीलम म्हणजे नुकती पुसलेली ओली पाटी. पुष्कराजात सोनचाफा आणि ओली हळद. ऐकून मी हसलो होतो, पण मग वास घेतला. डोळे मिटले तर समोर पिवळंधमक दिसायला लागलं, खोटं कशाला बोलू? एकदा एका बाईंनी गुलाब मागितला. साडू शांतपणे म्हणाले, "बेन, फूल अमे नथी वेचता, रंग वेचीए छीए." फुलं नाही, रंग विकतो म्हणे! बाई निघून गेल्या. चहा घेऊन आलेल्या ताई, म्हणजे माझी मेहुणी, म्हणाल्या की घालवलंत आणखी एक गिऱ्हाईक.

फक्त माणकाची बाटली चार वर्षं रिकामी होती. तिच्यापायी माणूस झुरत होता. दिसेल त्याला विचारायचे, लाल म्हणजे नेमकं काय वाटतं हो तुम्हाला? मी म्हटलं, तापलेलं लोखंड. आठ दिवस खपून त्यांनी तसं अत्तर केलं, तर त्याला आमच्या कारखान्याचा वास! ओतून टाकलं. शेवटी एका रविवारी मी वैतागून म्हणालो, अहो, तीस वर्षं रंगात काढलीत आणि लाल मला विचारता? त्यांनी आधी जिन्याकडे पाहिलं, मग हळूच म्हणाले, "मला लाल दिसत नाही. लाल न् हिरवं मला सारखंच. पाचूला चुरडलेलं गवत चाललं, पोवळ्याला समुद्र, पण माणकाला काय घालू? गोदामातली पिंपंसुद्धा मी वासाने ओळखायचो. हिला माहीत नाही. कळलं तर म्हणेल, आयुष्यभर फसवलं."

टोमॅटोचं कोडं तिथल्या तिथे सुटलं, आणि भाजीवालीबरोबर मीही इतकी वर्षं हसलो याची लाज वाटली. मग आठवला तो ताईंचा शालू. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत साडूंनी स्वतः पसंत करून आणलेला. दर लक्ष्मीपूजनाला ताई तो नेसतात, आणि घरात त्याला 'लाल शालू' म्हणतात. तो चक्क हिरवागार आहे! आम्हाला वाटायचं, असेल नवराबायकोची काही थट्टा. मी साडूंना म्हटलं, वर जा आणि ताईंनाच विचारा, लाल म्हणजे काय.

गेले बिचारे. मी खाली कान टवकारून बसलो, सभ्यपणा गेला खड्ड्यात. आधी साडूंची कुजबुज ऐकू आली. मग ताईंचा आवाज आला, "पस्तीस वर्षं लाल म्हणून हिरवा नेसतेय, मला कळत नसेल होय? इतक्या हौसेने आणलात, कशाला हिरमोड करायचा?" कपाट उघडल्याचा आवाज झाला. "घ्या वास. माझा लाल रंग हाच."

साडू खाली आले ते शालू छातीशी धरून. डोळे पुसायचंही भान नव्हतं. पुढे दोन महिने खपले, आणि माणकाची बाटली भरली. कापूर, वाळलेली बकुळ, जुनं रेशीम आणि विझलेल्या समईचा किंचित धूर. गिऱ्हाइकं आता नाव घेऊन मागतात. मला तर तो वास आला की लाल सोडून दुसरा रंगच आठवत नाही.

शालू हल्ली घड्यांवर विरलाय, ताई जपून नेसतात. यंदाच्या लक्ष्मीपूजनाला आमची नवी सून म्हणाली, "मावशी, हा हिरवा तुम्हाला किती खुलतो!" माझ्या बायकोने तिला डोळ्यांनी दटावलं. ताई साडूंकडे बघत म्हणाल्या, "हिरवा कुठला? लाल आहे." आणि सगळ्यात आधी साडूच हसले.