पेपरवरचं पहिलं नाव

आमच्या मेडिकल कॉलेजात कुणाला कायम करायचं आणि कुणाला नाही, याचे नियम मी लिहिलेले आहेत. कुणी माझ्या गळ्यात घातले नव्हते. मीच हौसेने अंगावर घेतले.

कॉलेज गोंदिया जिल्ह्यातलं, एका संस्थेचं. इथे लागणारा प्रत्येक सहायक प्राध्यापक आधी करारावर लागतो. दरवर्षी कराराचा कागद नवा होतो, आणि पाच वर्षांत माणूस कायम झाला नाही तर तो कागद पुन्हा होत नाही. घरी जायचं. पूर्वी मुलाखत व्हायची, पेपरही विचारले जायचे, पण बहुतेकदा खरा निकष एकच होता, संचालकांपैकी कुणाशी तुमची सोयरीक आहे. ज्यांना वर्गात उभं राहून दोन वाक्यं धड बोलता येत नव्हती अशा एका गृहस्थांना कायम झाल्याचं पत्र मिळालं, तेव्हा मी स्टाफरूममध्ये कप असा ठेवला की निम्मा चहा बशीत आला. माझं माहेर आमगावचं. तिथे लहानपणापासून मला तिखट म्हणतात, आणि ते खोटं नाही. मी बोलत सुटले. डीन शांतपणे ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "मग मॅडम, तुम्हीच लिहून द्या ना नियम."

मी लिहिले. शिकवण्याला इतके गुण, हजेरीला इतके, विद्यार्थ्यांच्या मताला इतके, आणि सगळ्यात जास्त संशोधनाच्या पेपरांना. पेपर म्हणजे नियतकालिकात छापून आलेला शोधलेख. त्यातही मी एक मेख मारून ठेवली. पेपरवर कितीही नावं असोत, गुण फक्त पहिल्या दोन नावांना. कारण लोक काय करायचे, एकाने केलेल्या कामावर सात जणांची नावं घालायचे, आणि सातही जण तोच पेपर दाखवून पुढे सरकायचे. त्यांची नाकाबंदी करायची होती. संस्थेच्या अध्यक्षांनी भर बैठकीत माझी पाठ थोपटली. मी आठ दिवस हवेत होते.

आता आमच्या विभागाची रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडकलं आहे. आमचा विभाग जनऔषधवैद्यकशास्त्राचा, म्हणजे कम्युनिटी मेडिसिनचा. वॉर्डात नाही, गावोगाव हिंडून करायचं काम. आम्ही तिघं होतो. विभागप्रमुख सर, मी आणि माझ्यानंतर तीन वर्षांनी करारावर लागलेला एक डॉक्टर. पेपर निघाला की पहिलं नाव कुणाचं, हे काम कुणी केलं यावर ठरत नसे. पाळीवर ठरे. ज्याचं कायम होणं किंवा बढती जवळ आलेली, त्याचं नाव पहिलं. सरांचं दुसरं, मानाचं. उरलेल्याचं तिसरं. पुढच्या वेळी पाळी बदलायची. आम्हाला यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट, एकमेकांना सांभाळून घेतो असंच वाटायचं.

तो डॉक्टर सडक अर्जुनीकडच्या एका खेड्यातला. त्याच्या बहिणीच्या मुलीला सिकलसेल आहे. आमच्याकडे हा आईबापांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार घरोघरी सापडतो, आणि मुलींच्या लग्नापायी लोक तो लपवतात. हा माणूस रविवारी आणि पुष्कळदा मधल्या वारीही मोटरसायकलवर बर्फाचा डबा बांधून निघायचा. देवरी, सालेकसा, अर्जुनीकडची जंगलातली गावं. रक्त घ्यायचा, तपासायचा आणि पुन्हा त्याच घरी जाऊन अंगणात बसून समजावायचा. कुठे झाडीबोलीत, कुठे मोडक्यातोडक्या गोंडीत. एकदा मी बरोबर होते. एक म्हातारा अंगावर धावून आला, "माह्या नातीचं लगीन मोडाले आला का रे तू?" हा जागचा हलला नाही. म्हणाला, "मोडाले नाई आलो, बाबा. पोरगा बी तपासून घ्या, येवढंच सांगून राहिलो." तासाभराने त्याच म्हाताऱ्याने आम्हाला चहा पाजला. मला मात्र तोवर परतायची घाई झाली होती.

पहिल्या दीड वर्षाच्या त्या हिंडण्यातून पेपर निघाला. लिहिला मी, कारण इंग्रजी लिहायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. पण त्यातला आकडा न् आकडा त्याने उन्हातान्हात गोळा केलेला. त्या वर्षी माझं कायम होणं समितीपुढे यायचं होतं. मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, तोच तो म्हणाला, "टाका जी तुमचं नाव पयलं. मले अजून टाइम आहे." मी म्हणाले, "तुमच्या पाळीचा पेपर मी स्वतः लिहून देईन." हे वाक्य मी जसंच्या तसं बोलले आहे. मी कायम झाले. मुलाखतीत त्याच पेपरवर सगळ्यात जास्त प्रश्न आले आणि मी सगळ्यांची उत्तरं दिली.

नियम मी लिहिले ते त्यानंतर. पहिल्या दोन नावांचं कलम लिहिताना तो मला आठवला नाही, असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण आठवला होता. त्याचा पेपर आपण लिहूच की, असं मनात म्हणून मी पुढच्या कलमाकडे वळले.

त्याने त्याच्या पुढच्या कामाची रजिस्टरं मला आणून दिली. लांब, निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली. ती माझ्या कपाटावर दीड वर्ष होती. मधल्या काळात सर निवृत्त होऊन नागपूरला गेले, विभाग माझ्याकडे आला, नियमांच्या बैठकांमागून बैठका झाल्या. तो महिन्या-दोन महिन्यांनी दारातून विचारायचा, "झालं का जी काही?" मी म्हणायचे, "बसतेच आहे." सुट्टीत बसू, परीक्षा संपल्यावर बसू. खरं सांगायचं तर मला त्या कामाचा कंटाळा आला होता. माझं होऊन गेलं होतं ना.

मग त्याचं पाचवं वर्ष आलं.

समितीत आम्ही पाच जण होतो. अध्यक्ष, डीन, बाहेरच्या विभागांचे दोन प्राध्यापक आणि नियमांची जाणकार म्हणून मी. अर्ज वाचून गुण सांगण्याचं काम माझ्याकडे. त्याचा अर्ज निघाला. शिकवणं उत्तम. विद्यार्थ्यांचं मत उत्तम. हजेरी कमी, कारण जो माणूस सकाळी सातला देवरीच्या रस्त्याला लागतो त्याचा अंगठा कॉलेजच्या मशीनवर उमटणार कसा? आणि पेपर एक, त्यावर नाव तिसरं. म्हणजे शून्य.

मी शून्य म्हणाले.

डीनांनी तो पेपर हातात घेऊन चाळला. ते जुने, अनुभवी गृहस्थ. म्हणाले, "हे गावातलं काम तर यांचंच दिसतंय. मॅडम, तुमच्याच विभागाचे आहेत. तुम्हाला माहीत असेल."

इतकं सरळ विचारलं होतं त्यांनी. मला फक्त हो म्हणायचं होतं. हो, काम त्याचं आहे, माझं नाव पाळीने पहिलं लागलं. पण त्याच पेपरवर मी कायम झाले होते, आणि ही चालबाजी बंद करण्याचे नियमही मीच लिहिले होते. पुढचा प्रश्न काय येईल, तो मला ऐकूच आला. जिने आयुष्यभर कुणाला तोंडावर बोलायला कमी केलं नाही, त्या बाईची जीभ तिथे टाळूला चिकटली. आणि मग जी सुटली ती अशी सुटली, "सर, नियमात तिसरं नाव धरता येत नाही."

अध्यक्ष म्हणाले, "नियम तो आपका ही बनाया हुआ है, मॅडम. ठीक है, नेक्स्ट."

पुढचा अर्ज मीच वाचला. आवाज नेहमीसारखा होता.

करार संपल्याचं पत्र मिळाल्यावर तो माझ्या खोलीत आला. मला वाटलं, आता भांडेल. भांडावं असं मनातून वाटतही होतं. तो म्हणाला, "रजिस्टरं न्यायले आलो." मी स्टुलावर चढून ती काढली, धूळ झटकली. त्याने एक उघडून पाहिलं. आत माझ्या हाताची पेन्सिलची एकही खूण नव्हती. त्याने ते बंद केलं, गठ्ठा बांधला आणि गेला. मी खिडकीतून पाहिलं, तो सायकलच्या जुन्या ट्यूबने गठ्ठा मोटरसायकलवर आवळत होता. खाली उतरून चार शब्द बोलावेत एवढीही लाज मला वाटली नाही. की लाज होती म्हणूनच उतरले नाही, कुणास ठाऊक.

दोन वर्षं गेली. मध्ये मी नियम बदलून घेतले, गावातल्या कामाला गुण ठेवले. सगळ्यांनी पुन्हा कौतुक केलं. पण बदल पुढच्या अर्जांसाठी होता. मागचं काही उलटत नव्हतं. रात्री झोप नाही वगैरे असं काही मला होत नव्हतं. व्हायचं ते दिवसाच, वर्गात. सिकलसेल शिकवायला उभी राहिले की मुलं विचारत, "मॅडम, तुमचाच पेपर आहे ना हा?" आणि मी होकाराची मान हलवायचे.

शेवटी मी त्या नियतकालिकाला कळवलं की नावांचा क्रम चुकीचा छापला गेला आहे, पहिलं नाव त्याचं हवं. त्यांनी एक फॉर्म पाठवला. तिघांच्या सह्या आणि क्रम का चुकला याचं कारण. नागपूरला सरांनी हसत सही केली. म्हणाले, "आता हे कशाला उकरतेस? बरं, कर." मी फॉर्म घेऊन कोहमाऱ्याला त्याच्याकडे गेले.

हायवेच्या तिठ्यावर, ढाब्यांच्या ओळीत त्याचा दवाखाना. दोन गाळे, पुढे बाकडी. ट्रकवाले बीपी दाखवायला थांबलेले, आणि एका बाजूला पाचसहा बाया आपापली मुलं मांडीवर घेऊन. सिकलसेलची मुलं ओळखता येतात, डोळे पिवळसर, बोलणं कमी. त्याने मला पाहिलं, खुर्ची दाखवली आणि हातातला रुग्ण संपवला. मग मी सगळं सांगितलं. पाळीचं त्याला माहीतच होतं. समितीत डीनांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, ते त्याला माहीत नव्हतं. तेही सांगितलं. त्याने ऐकलं. चेहरा आधी तांबूस झाला, मग नेहमीसारखा.

"इचारलं होतं त्यायनं? सरळ?"

"हो."

त्याने फॉर्म ओढून घेतला. मग वाचला. शेवटपर्यंत वाचला, इंग्रजी असूनही.

"मी सही नाई करत," तो म्हणाला.

मी म्हणाले, "काम तुमचं आहे. नाव तुमचं लागायला हवं."

"कायले? आता कोणती समिती बसून राहिली माह्यासाठी?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "पाहा मॅडम, या लेकरायच्या गोळ्यांची मागणी जाते ना तालुक्यातून, तिले तोच पेपर जोडतो मी. त्याच्यावरच मंजुरी येते. उद्या त्यायनं छापलं का यायची नावं खोटी होती, तं वरचा बाबू म्हणन आकडे बी खोटेच असतीन. फाईल वापस. मंग या बायायले मी काय सांगू? तुमच्या मनाले बरं वाटावं म्हून?"

मी म्हणाले, "मी चुकले."

"चुकल्या तुमी. मी काई माफ-बिफ केलं नाई, सांगून ठेवतो. पण सही नाई करत." त्याने फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि बाकड्याकडे पाहून हाक दिली, "या माय, आना पोराले."

मी उठले. ती बाई माझ्या खुर्चीत बसली. परत येताना ड्रायव्हर विचारत होता, मॅडम चहा घेता का, आणि मी त्या फॉर्मच्या घड्या घालत होते.

जो माणूस स्वतःच्या नावावर पाणी सोडून फाईल सांभाळतो, त्याला मी शून्य दिलं होतं. हे कळायला मला कोहमाऱ्यापर्यंत जायची गरज नव्हती. मला ते समितीतही माहीत होतं, रजिस्टरं कपाटावर होती तेव्हाही माहीत होतं.

या मार्चमध्ये वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म आला. मी कायम आहे, आता पेपर दाखवला नाही म्हणून माझं काही बिघडत नाही. महत्त्वाचं संशोधन, या रकान्यापाशी मी बराच वेळ थांबले. मग त्याच्या गावांवरचा तो पेपर लिहिला, आणि पुढे कंसात लिहिलं, पहिलं नाव माझं.