नागपट्टणचे मासे तंजावरात

नागपट्टणहून आमची लॉरी निघाली तेव्हा तिच्यात पलंग होता, कपाट होतं, भांड्यांची पिंपं होती आणि काचेच्या मोठाल्या बुधल्यांतून भरून घेतलेला समुद्र होता. बुधल्यांभोवती भाताचा पेंढा ठासला होता. मी आणि माझी मावसबहीण सुमती मागे, सामानातच बसलो होतो.

साठ-एकसष्टच्या सुमाराची ही गोष्ट. सुमती मूळची साताऱ्याची, पण लग्न होऊन गेली ती तंजावरच्या मराठी घरात. तिचे यजमान गोविंदराव सरकारी नोकरीत. लग्नापासून दोघांचा संसार नागपट्टणलाच. आता तंजावरला बदली झाली आणि गोविंदराव पुढे जाऊन कामावर रुजू झाले. थोरल्या दिरांच्या घरी एकत्र राहायचं ठरलं होतं. सुमतीनं मला लिहिलं होतं, "रजा काढून ये. मासे हलवायचे आहेत, आणि खरं सांगू का, त्या घरात एकटीनं शिरायची मला भीती वाटते."

मासे तिच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतले. किनाऱ्यावरच्या कोळ्यांकडून एकेक मागून आणून तिनं ते जगवले होते. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे चपळ मासे, एक कडल-कुदिरै (समुद्रघोडा) आणि रागावला की चेंडूसारखा फुगणारा एक पेत्तै. मला वाटलं होतं, मासे उचलायचे, नव्या पाण्यात सोडायचे, झालं. सुमतीनं हात जोडले.

"ताई, टाकीतली वाळू आणि दगड सुकता कामा नयेत. त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारं काहीतरी जिवंत असतं, त्याच्यामुळे पाणी चांगलं राहतं. आणि जुनं पाणी निम्मं तरी बरोबर हवंच."

म्हणून वाळू ओल्या गोणपाटात, मासे रुंद तोंडाच्या बरण्यांत आणि माझ्या हातात सायकलचा पंप. त्याला रबरी नळी लावून मी पाळीपाळीनं प्रत्येक बरणीत हवा सोडायची. जन्मात इतका पंप मारला नव्हता. लॉरी खड्ड्यातून गेली की पेत्तै फुगायचा, जरा वेळानं निवळायचा, आणि माझ्याकडे असा बघायचा की जणू खड्डा मीच खणला होता.

तिरुवारूरला इडल्या खाल्ल्या. केळीच्या पानात वाफाळलेल्या, वर मिळगाय-पोडी (मिरचीची चटणीपूड) आणि तिळाचं तेल. तिथंच ड्रायव्हरला कळलं की पुढे कालव्यावरचा पूल दुरुस्तीसाठी बंद आहे. मग कुंभकोणम्, पापनाशम् असा लांबचा वळसा आला. सुमतीचा चेहरा उतरला. मी मात्र मनातून खूश होते. दोन्ही बाजूंना नुकत्या लावलेल्या भाताची पोपटी रोपं, मधून तुडुंब वाहणारे कालवे, काठानं नारळ आणि पाण्यात नाकापर्यंत बुडालेल्या म्हशी. साताऱ्याच्या डोळ्यांना एवढं सपाट हिरवं कुठून दिसणार?

पापनाशम्‌च्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. डोक्यावर ऊन आणि वाऱ्याचं नाव नाही. आम्ही बरण्यांवर ओली फडकी घातली. काकड्या विकणारी एक बाई टोपली घेऊन डोकावली.

"मीना? कुळंबुक्का?" (मासे? कालवणासाठी?)

"नाही हो, पाळायला," सुमती तमिळमध्ये म्हणाली.

बाईनं डोक्याला हात लावला, मग पेत्तैकडे बोट दाखवून खो खो हसली. जाताना पदराखालचा ताडपत्राचा पंखा तिनं माझ्या मांडीवर टाकला. "त्यांना नाही, तुला," म्हणाली.

फाटक उघडलं आणि लॉरीनं असा हिसका दिला की कडेचा एक बुधला दुसऱ्यावर आदळून फुटला. पाणी फळ्यांतून रस्त्यावर गळालं. सुमती काचा गोळा करू लागली. ड्रायव्हर उतरून आला, ओशाळून म्हणाला, "अम्मा, घरचं मीठ घालून भरून काढा ना!" ती कसंनुसं हसली. "समुद्र मिठाचा नसतो हो नुसता."

तंजावर लागलं तेव्हा दुपार कलली होती. मोठ्या देवळाचं शिखर उजवीकडे दिसलं आणि मी नमस्कार करीपर्यंत मागेही पडलं. घरासमोर तांदळाच्या पिठाचं कोलम (रांगोळी), ओट्यावर सुमतीच्या जाऊबाई तुळसाबाई. नऊवारी नेसलेल्या, नाकात हिऱ्याच्या मुग्दी (चमक्या), आवाज खणखणीत. नवरात्र होतं; दिवाणखान्यात पायऱ्यांवर कोलू (बाहुल्यांची मांडणी) मांडला होता. टाकी त्याच्याच शेजारच्या कोपऱ्यात बसली. वाळू पसरली, दगड रचले, पाणी घातलं, तरी टाकी जेमतेम अर्धी भरली. मासे सोडले. हवेचं विजेवर चालणारं यंत्र लावलं आणि बघतो तर वीज गेलेली.

मी पंप घेतला. दहा-बारा दट्ट्यांत त्याचा चामडी वायसर फाटला. हळूहळू मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. समुद्रघोडा दगडाला शेपूट गुंडाळून निपचित. सुमतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय जाहलें?" तुळसाबाई दारात उभ्या होत्या.

"पाण्यात हवा जायला हवी, अक्का. सारखं उंचावरून पाणी ओतत राहायला हवं. पण पितळेचं भांडं चालत नाही, खाऱ्या पाण्यात ते उतरतं."

तुळसाबाई आत गेल्या आणि नवरात्राच्या पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला एव्हरसिल्वरचा (स्टेनलेस स्टीलचा) कोरा पेला घेऊन आल्या. पदर खोचला, पेला बुडवला आणि हातभर उंचीवरून पाण्याची धार सोडली. रोज कॉफी निववणारा हात तो! बारीक, न तुटणारी धार, खाली फेसच फेस. मी करून पाहिलं तर निम्मं जमिनीवर.

"तुम्ही असो द्या," त्या म्हणाल्या. "आधींच पाणी कमी."

त्या ओतत होत्या तेव्हाच थोरले दीर खंडेराव बाहेरून आले. कोलूकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं.

"बेष (छान) आहे. हीं काय खातात?"

सुमतीनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून खरं तेच सांगितलं, "कोळंबीचे तुकडे, भाऊजी."

"या घरांत? कोलू मांडला असतां?"

मग तुळसाबाई, हात न थांबवता, म्हणाल्या, "मासेच तीं! त्यांनीं काय तयिर-सादम (दहीभात) खावें?"

मला हसू आवरेना. सुमतीलाही. खंडेराव मिशीवरून हात फिरवत उभे राहिले. तुळसाबाईंनी तिथंच नियम घातले: चिरणं विहिरीपलीकडे, सुरी वेगळी, आणि स्नान केल्यावाचून सुमतीनं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही.

"सरि (बरं)," म्हणून खंडेराव कपडे बदलायला गेले.

कचेरीतून आल्यावर गोविंदरावांनी पेला हातात घेतला. दिवेलागणीला वीज आली. यंत्र गुरगुरू लागलं, तेव्हा अस्की (सगळी) मंडळी टाळ्या वाजवत होती. सकाळी एक पट्ट्यांचा मासा मेलेला निघाला. सुमतीनं तो तुळशीपाशी नाही, लिंबाखाली पुरला आणि थोडी रडली. बाकीचे तरले. समुद्रघोडा दुपारी शेपूट सोडून डुलत वर आला. कमी पडलेलं समुद्राचं पाणी गोविंदराव रविवारी नागपट्टणहून घेऊन आले.

पुढचे दिवस संध्याकाळी बायका कोलू पाहायला येत, सुंडल (परतलेले हरभरे) खात आणि टाकीपुढून हलत नसत. तुळसाबाई पेत्तैची ओळख पाहुण्याची करून द्यावी तशी करून देत.

मी निघाले त्या दिवशी सुमती माझी शिदोरी बांधत होती. खंडेराव टाकीशेजारी वर्तमानपत्र धरून बसले होते. पेपर खाली न घेता, हळूच त्यांनी विचारलं, "सुमती, तें फुगणारें आज जेविलें काय?"

"जेवलं, भाऊजी."

"आणि तूं?"

तिनं शिदोरीची गाठ मारली. "नाही अजून," म्हणाली.

"मग जेव आधीं. बहिणीची गाडी मी बघतों."

स्टेशनापर्यंत ते माझी ट्रंक घेऊन आले. गाडी सुटल्यावर भाताची खाचरं मागे जाऊ लागली. जेवलीस का, असं विचारणारं माणूस भेटलं की परकं घर आपलं व्हायला लागतं. येताना सुमतीची जी काळजी मी बरोबर आणली होती, ती परतीच्या सामानात नव्हती.