अष्टमीची कुमारिका आणि माझे वीस सेकंद

ती अष्टमीची दुपार आजही आठवते, आणि आठवली की निवृत्त माणसाची छाती पुन्हा ड्युटीवर असल्यासारखी धडधडायला लागते. नोकरीत खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं. पण त्या दुपारी वाटली तेवढी भीती मला दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात वाटली नाही, आणि ज्या गुन्ह्यासाठी ती धावाधाव झाली तो तर मुळात घडलेलाच नव्हता.

नवरात्र होतं. दसऱ्याच्या बंदोबस्ताचे आदेश वाचत मी ठाण्यात बसलो होतो. अडीचच्या सुमाराला गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकणारी एक तरुण बाई धावत आत आली. पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आमच्या या कन्नड शहरात आलेलं कुटुंब, एचएसआर लेआउटमध्ये फ्लॅट, नवरा-बायको दोघंही आयटीत. तिची पाच वर्षांची मुलगी घरात नव्हती. सासरे गणपतीपासून मुक्कामाला आले होते, तेही घरात नव्हते आणि फोन उचलत नव्हते. तिने सोसायटीच्या सुपरवायझरला फोन केला. त्याने गेटच्या कॅमेऱ्यात पाहिलं, सापडलेलं दृश्य मोबाइलवर टिपलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकून दिलं. तोच व्हिडिओ तिने माझ्यापुढे धरला.

साठी ओलांडलेली, नऊवारी नव्हे, साधी पाचवारी नेसलेली एक बाई. मुलगी गेटबाहेर येते. बाई तिच्या कपाळाला काहीतरी लावते, वाकते, पायाशी काहीतरी करते, मग हात धरून तिला रिक्षात बसवते. बस, एवढंच.

मी तक्रार लिहून घ्यायला सांगितलं, वायरलेसवर वर्णन दिलं, गस्तीची होयसळ गाडी सोसायटीकडे पाठवली. इथवर सगळं नियमाने झालं. मग मी बाहेर आलो, तर ठाण्याच्या फाटकाशी एका वृत्तवाहिनीचा वार्ताहर माइक घेऊन उभा. ग्रुपवरचा व्हिडिओ त्यांच्यापर्यंत माझ्याही आधी पोचला होता. "सर, टोळी आहे का?" त्याने विचारलं. आम्हा पोलिसांना अशा वेळी एक वाक्य तोंडपाठ असतं. मी छाती पुढे काढून ते म्हटलं: "टोळी असण्याची शक्यता नाकारता येत नाही." वीस सेकंदांत मी मोकळा झालो. खोटं सांगत नाही, कॅमेऱ्यासमोर टोपी सारखी करण्यातही दोन सेकंद घालवले होते.

पुढच्या दहा मिनिटांत ठाण्यातल्या टीव्हीवर तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा फिरत होता. बाईच्या हाताभोवती लाल वर्तुळ, मागे ढोल बडवावेत तसं संगीत, आणि खाली मोठ्या अक्षरांत: मुलं पळवणारी टोळी शहरात, पोलिसांची कबुली. निवेदक सांगत होता की कपाळाला लावली ती संमोहनाची पावडर. पायाला चोळली तीही. फोन खणखणायला लागले. एकाने त्या बाईला बनशंकरीत पाहिलं, दुसऱ्याने त्याच वेळी हेब्बाळला. ठाणे अंमलदार नोंदी करून घामाघूम झाला.

तेवढ्यात होयसळवाल्यांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांना आणलं. शर्टाची बाही फाटलेली, चष्मा गायब. फेरफटका मारून ते आरामात सोसायटीत परतले, तर लोकांनी त्यांना टोळीतला माणूस म्हणून धरलं. ते मुलीचे आजोबा होते. फोन आवाज बंद करून घरात चार्जिंगला लावून गेले होते.

मी कडक आवाजात चौकशी सुरू केली. मुलगी कुठे आहे? बाई कोण? पाण्याचा पेला रिकामा केल्यावर सुनेकडे न बघता ते म्हणाले, "साहेब, मीच पाठवली हो. अष्टमीची कुमारिका म्हणून."

बाई जे. पी. नगरमधली, इथल्या जुन्या मराठी घरातली. मराठी मंडळाच्या गणपतीत आजोबांशी ओळख झालेली. सगळे तिला अक्का म्हणतात; पण ना तिचा नेमका पत्ता आजोबांना ठाऊक, ना तिच्याकडे मोबाइल. तिच्या नात्यात आता लहान मुलगी उरली नाही, म्हणून तिने आजोबांना विचारलं. सुनेला असलं काही पटत नाही, त्यामुळे तिला विचारायची हिंमत त्यांना झाली नाही. सून सहाला येते, मुलगी पाचला परत येईल, मग सांगायचंच कशाला, असा त्यांचा हिशेब. सून नेमकी त्या दिवशी लवकर घरी आली.

मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला आणि शरमेने कान तापले. मी राजाजीनगरातल्या मराठी घरात वाढलो. करंगळीशेजारच्या बोटाने कुंकू लावायचं, कुमारिकेला देवी मानून तिच्या पाया पडायचं, हे माझ्या आईने दर नवरात्रात केलेलं मी पाहिलं होतं. मुलं पळवणारी बाई मुलीच्या पाया कशाला पडेल? पण मी त्या लाल वर्तुळाच्या आतच बघत बसलो होतो. गेटच्या आतल्या कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं, त्यात आजोबा हात हलवून नातीला निरोप देताना स्पष्ट दिसत होते. माइकपुढे जाण्याआधी ते मागवायला मला कुणी अडवलं नव्हतं.

तेवढ्यात रिक्षावाल्याचा फोन आला. चहाच्या टपरीवर त्याने टीव्हीवर आपलीच रिक्षा ओळखली होती. आज्जी भली बाई आहे, पोरीला रस्ताभर गोष्टी सांगत होती, असं तो कन्नडमध्ये काकुळतीने सांगत होता. त्याने पत्ता दिला. मग चाचरत म्हणाला की पडद्यावर वाहिनीचा नंबर होता, म्हणून पत्ता आधी त्यांना सांगितला.

मी आजोबांना आणि मुलीच्या आईला जीपमध्ये घातलं. सिल्क बोर्ड चौकातल्या गर्दीत सायरन वाजवूनही गाडी हलेना. तिथूनच वाहिनीच्या संपादकाला फोन लावला. बाई निर्दोष आहे, घर दाखवू नका, तिच्या जिवाला धोका आहे, म्हणून सांगितलं.

"सर, आम्ही थांबलो तर दुसरे दाखवतील," तो शांतपणे म्हणाला. "आणि टोळी तर तुम्हीच म्हणालात."

मी फोन ठेवला.

पोचलो तेव्हा गल्लीत शंभरेक माणसं होती. खिडकीची काच फुटलेली, चार-पाच जण दाराला खांद्यांनी रेटत होते. वाहिनीची गाडी कोपऱ्यावर, वार्ताहर तोच. माझ्यासोबत दोन हवालदार आणि एक महिला शिपाई, एवढंच बळ. दारापाशी घुसून मी कन्नडमध्ये ओरडलो, पण माझा आवाज पुढच्या दोन रांगांपलीकडे जाईना. मागच्यांच्या हातात मोबाइल होते. समोरचं घर सोडून ते त्या घराचं प्रक्षेपण मोबाइलवर बघत होते!

मला एकदम सुचलं. मी वार्ताहराच्या हातातला माइक ओढून घेतला आणि कॅमेऱ्यात बघून म्हणालो, "टोळी आहे असं मीच म्हणालो होतो. ती माझी चूक आहे. ही बाई देवीचं जेवण घालायला मुलीला घेऊन आली. मुलीचे आजोबा आणि आई हे माझ्याजवळ उभे आहेत." आजोबांनी हात जोडले. मुलीच्या आईने होकाराची मान हलवली.

माझं बोलणं त्यांच्या मोबाइलवर पोचलं. मग मागच्या रांगेतल्या माना मोबाइलमधून वर उठल्या. समोर घसा फोडणाऱ्या माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता, पडद्यावरच्या माझ्यावर बसला. दारावरचे खांदे सैल पडले. मी आयुष्यात इतका मोठा श्वास कधी सोडला नसेल.

आत मुलगी पाटावर बसली होती. अक्काने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं, आणि बाहेर लोक देवीची मिरवणूक बघायला जमलेत असं सांगून तिला पुरी-श्रीखंड भरवत होती. तिचा आवाज मात्र स्थिर होता. आईने मुलीला उचलून छातीशी घट्ट धरलं आणि तशीच अक्काच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

दुसऱ्या दिवशी वाहिनीने खुलाशाची एक ओळ चालवली, क्रिकेटच्या बातमीखालून ती सरकत गेली. दगडफेकीचा गुन्हा दाखल झाला. मला विनापरवानगी माइक घेतल्याबद्दल मेमो मिळाला. टोळीबद्दलच्या वाक्याबद्दल कुणीच काही विचारलं नाही, आणि हे मला मेमोपेक्षा जास्त लागलं. पुढे निवृत्त होईपर्यंत मी माझ्या माणसांना एकच सांगत आलो: माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणा, कमीपणा येत नाही. वाहिन्यांना नावं ठेवणं सोपं आहे. त्यांच्या हाती शब्द मीच दिला होता.

पुढच्या अष्टमीला मी अक्काच्या घरी गेलो. वर्षभरानंतरही तो व्हिडिओ लाल वर्तुळासकट कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरतच होता. तिने आनंदाने दार उघडलं. "या अण्णा, बसा. स्वल्प प्रसाद घ्या." देवापुढे पाट मांडला होता, रांगोळी होती, पुरी-श्रीखंडाचं ताट वाढलेलं होतं. पाटावर कुणीच नव्हतं. कुमारिकेच्या जागी वाटीभर तांदळावर एक सुपारी ठेवून तिला कुंकू लावलं होतं.

मी काही विचारायच्या आधीच अक्का म्हणाली, "आता मुलगी नको वाटते. कुणाच्या पोरीच्या कपाळाला हात लावायला भीती वाटते मला."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला ते ताट बघवलं असतं.