अरविंद अधिक एक

सुहासिनी देवधर गेली अठरा वर्षं सौदी अरेबियातल्या जुबैलमधल्या एका भारतीय शाळेत भूगोल शिकवते. मूळची नाशिकची. नवरा अरविंद पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये इंजिनियर, मुलगी रुचा शिकायला पुण्याला. दरवर्षी वर्गात ध्रुवीय प्रकाशाचा विषय निघतो, सुहासिनी फळ्यावर हिरव्या खडूने झगमगते पडदे काढते आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅम, हॅव यू सीन इट?" नॉट येट, असं ती हसून सांगायची. अलीकडे मात्र त्या प्रश्नाने तिचं डोकं उठायला लागलं होतं. राग पोरांचा नव्हता, स्वतःचाच होता.

म्हणून मराठी मंडळाने डिसेंबरच्या सुट्टीत नॉर्वेची सहल ठरवली तेव्हा पहिला हात तिने वर केला. पुण्याची टूर कंपनी, सोबत त्यांचाच गाईड, रात्री प्रकाशाच्या शोधात बसने हिंडायचं आणि मुक्कामावर परत आलं की गरम वरणभात. व्हिसासाठी ती पाच तास गाडीत बसून रियाधला जाऊन आली. दहाही बोटांचे ठसे तिने स्वतः दिले, अरविंदने तिच्या वतीने दिले नव्हते. हे मुद्दाम सांगायचं कारण पुढे येईलच.

निघायला दहा दिवस उरले असताना अरविंद प्लांटवरून आला आणि हात धुता धुता म्हणाला, "प्लांटचा दुरुस्तीचा शटडाऊन लांबलाय. माझी रजा गेली. मंडळात जयदीपला कळवून टाकलंय, आपलं कॅन्सल."

"आपलं म्हणजे?" तिने विचारलं.

म्हणजे आपलं, असं म्हणून तो टॉवेल शोधायला लागला. टॉवेल त्याच्या खांद्यावरच होता. तिने तो दाखवला नाही.

अरविंद दुष्ट नव्हता, आणि खरा वैताग तोच होता. दुष्ट असता तर भांडण सोपं झालं असतं. बायको एकटी जाऊ शकते हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. बरं, मंडळाच्या तरी कुठे आलं होतं? सहलीची यादी तिने मोबाईलवर उघडली. जयदीप अधिक एक. अरविंद अधिक एक. गणपतीच्या जेवणाला पानं मोजायची जी पद्धत, तीच उचलून नॉर्वेला लावलेली. अरविंद खोडला की त्याच्यामागचा 'एक'सुद्धा गेला. याच याद्यांवरून अठरा वर्षं आपण पुऱ्यांचा हिशेब केला आणि एकदाही काही खटकलं नाही, हे आठवून ती आणखीच पेटली.

जयदीप मंडळाचा सचिव. तिने फोन केला तेव्हा त्याने फार गोड आवाजात सांगितलं की वहिनी, दोन्ही जागा वेटिंगवरच्या जोडप्याला दिल्या, तुम्ही एकट्या याल असं वाटलंच नाही. आणि वर म्हणाला, "थांबा, मी एकदा दादांशी बोलून घेतो."

तिने फोन ठेवून दिला. शुक्रवारी सकाळी जयदीपच्या घरी सहलीची बैठक होती. ती स्वतः गाडी चालवत, न बोलावता तिथे गेली. दारातच तिघांनी विचारलं, अरविंददादा कुठेत? घरी आहेत, मी आलेय, असं सांगून ती थेट टीव्हीसमोर बसली. टीव्हीच्या पडद्यावर पुण्याहून गाईड थंडीच्या कपड्यांबद्दल बोलत होता. त्याला मध्येच थांबवून तिने जागा आहे का, ते विचारलं. एक आहे, तो म्हणाला, पण दोघांच्या खोलीत, आणि गटात एकटी बाई दुसरी कुणी नाही.

जो तो आपापल्या बशीत पाहू लागला. पोहे वाढत असलेली जयदीपची बायको नूपुर तेवढी म्हणाली, "माझ्या खोलीत येतील त्या."

"आणि मी?" जयदीपने विचारलं.

"तू गाईडबरोबर झोप."

जागा मिळाली. पण सुहासिनी नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या निवासपरवान्यावर, त्यामुळे देशाबाहेर जाऊन परत यायचा परवाना त्याच्याच मोबाईलवरून निघणार होता. म्हणजे एवढं करूनही शेवटचं बटण अरविंदच्या अंगठ्याखालीच. घरी येऊन तिने त्याचाच मोबाईल त्याच्यासमोर ठेवला. तो म्हणाला, पुढच्या वर्षी दोघं जाऊ. मग म्हणाला, तिथे फार थंडी असते. शेवटी म्हणाला, "मी नसताना तुला काय मजा येणार?"

"अहो, मजा येते की नाही ते मी तिथे जाऊन बघेन," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला आणि त्याचाही तिला राग आला. "अठरा वर्षं पोरांना न पाहिलेलं शिकवतेय मी. तुमच्या शटडाऊनमुळे माझी रजा जात नाही. बटण दाबा."

त्याने दाबलं. त्या रात्री तो नीट जेवला नाही, आणि तिने आग्रह केला नाही.

निघायच्या सकाळी दम्माम विमानतळावर मंडळाच्या ग्रुपवर जयदीपचा मेसेज आला. अरविंददादांनी स्वतःला जमत नसूनही वहिनींना पाठवलं, याला म्हणतात मोठं मन. खाली टाळ्यांची रांग लागली. अरविंदनेही हात जोडलेलं चित्र टाकून आभार मानले होते.

रांगेत उभ्या उभ्या सुहासिनीने लिहिलं, "मला कुणी पाठवलेलं नाही. मी चाललेय." टाळ्या एकदम थांबल्या. पुढे ट्रॉली ढकलणारा जयदीप मोबाईल बघून न बघितल्यासारखं करत होता.

नूपुरने ते वाचलं, पर्स खांद्यावर सरकवली आणि सहलीची यादी पुन्हा ग्रुपवर टाकली. पहिलं नाव सुहासिनी देवधर. त्याच्याखाली, जयदीप अधिक एकच्या जागी, तिने लिहिलं होतं, नूपुर अधिक एक.