चारचौघांतला कच्चा टाका

बिनभरवशाच्या माणसाला शिंपीणकाकू 'कच्चा टाका' म्हणायच्या; ओढला की सुटला. शिक्षिका असलेल्या त्यांच्या नणंदबाई नाक मुरडायच्या, "वहिनी, चारचौघांत असलं दुकानातलं बोलू नका." काकू सुई ओवत ऐकून घ्यायच्या.

मग नणंदेच्या लेकीनेच मशीनवर बडबडणाऱ्या मामीचा व्हिडिओ टाकला आणि महिन्याभरात कुठकुठली पोरं एकमेकांना कच्चा टाका म्हणू लागली.

काल नणंदबाई बाही सैल करून घ्यायला आल्या. तीन गिऱ्हाइकं मापं द्यायला उभी होती. तेवढ्यात नणंदबाईंचा फोन वाजला. "नवे मुख्याध्यापक ना? नुसता कच्चा टाका," त्या ठसक्यात म्हणाल्या.

काकूंनी तोंडातल्या टाचण्या आधी काढून ठेवल्या, हसताना गिळायला नकोत म्हणून.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "चारचौघं आहेत हं."