बिडाच्या ब्रॅकेटमधली पोकळी

आधीच सांगते, भूतखेत, करणी, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. इथले अनुभव मी जेवता जेवता वाचते आणि हसते. त्यामुळे मला कुणी हसलं तर तक्रार नाही. पण जे झालं ते असं झालं.

साल २००६-०७ असेल. भिवंडीत कल्याण नाक्याजवळ एका छोट्या डिझाइन ऑफिसात मी कामाला होते. मशिनचे पार्ट मोजायचे आणि कॉम्प्युटरवर त्यांचं थ्री-डी मॉडेल करायचं. राहायचो पडघ्याला. माझे बाबा एका सायझिंगमध्ये फिटर — सायझिंग म्हणजे लूमवर चढायच्या आधी सुताला खळ लावायचा कारखाना. तिथे सूत गुंडाळलेला भलामोठा रूळ, म्हणजे बीम, दोन बाजूंच्या ओतीव बिडाच्या ब्रॅकेटांवर टेकलेला असतो. त्यातलं डावं ब्रॅकेट तुटलं. मशिन जुनं, पार्ट बाजारात मिळेना. कारखान्याचे शेठ म्हणाले, उजवं चांगलं आहे, त्यावरून डावं बनवून घ्या. दसऱ्याला पूजा करून मशिन चालू करायचं, आणि पहिलं बटण दाबायचा मान बाबांचा. ते बटण बीमच्या अगदी समोर.

उजवं ब्रॅकेट बाबांनीच ऑफिसात आणून दिलं. मी व्हर्नियरने मोजलं, मॉडेल केलं, शेवटी शाफ्ट बसायची खाच कापायला घेतली... आणि कट फेल. सॉफ्टवेअर खाच कापेचना.

आता कट फेल होणं ही आमची रोजची कटकट. स्केचची रेघ कुठे उघडी राहिली असेल, कडेला कड चिकटली असेल, एखादी गोलाई आड येत असेल. सगळं तपासलं. गोलाया काढून टाकल्या. खाचेची खोली कमी केली की कट जायचा, जरा वाढवली की परत फेल. वैतागून मॉडेलची आरशातल्यासारखी उलटी कॉपी केली, म्हणजे डावं ब्रॅकेट. त्यात तोच कट सुरळीत गेला! अहो, तीच मापं, तोच आकार. एकात जातो आणि दुसऱ्यात नाही, हे कसं?

फाइल टाकून दिली, पहिल्यापासून केलं. तेच. मग मॉडेल मधोमध चिरून आतून पाहिलं... आणि हात माउसवरच राहिला. आत पोकळी होती. लिंबाएवढी, एका बाजूला निमुळती. मी काढली नव्हती. मी तर बाहेरून मोजलं होतं, आतलं मला काय माहीत?

ऑफिसच्या सरांना बोलावलं. त्यांनीही पाहिली. "चोरीचं सॉफ्टवेअर गं, चालायचंच," म्हणाले आणि चहा सांगितला.

त्या उलट्या कॉपीवरून डावं ब्रॅकेट ओतून तयार झालं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, बाबा उजवं न्यायला आले.

"बाबा, हे बसवू नका. आत पोकळ आहे."

"कोन बोलला?"

"कॉम्प्युटरवर दिसतंय."

"कंपुटरला काय डोलं हायेत?" त्यांनी पिशवीतली हातोडी काढून एक टोला दिला. टण्ण! "आयक. पोकल असता तं असा वाजला असता काय? मीच बसवलाय हा, बाय. येवरी वरसा चाललाय. शेठला काय सांगू, पोरीला सपान परला?"

मला रडूच फुटलं. रागाचं की भीतीचं, देव जाणे. "मग उद्या बटण मी दाबते. तुम्ही लांब उभे राहा. चालेल?"

 बाबांनी ब्रॅकेट उचललं आणि शेजारच्या वर्कशॉपात नेऊन करवतीच्या मशिनवर लावलं. मी बोट ठेवलं तिथेच त्यांनी चिरायला सांगितलं. अर्ध्यावर गेल्यावर पातं एकदम सैल आत गेलं. दोन तुकडे झाले... तीच पोकळी. लिंबाएवढी, एका बाजूला निमुळती. बाहेरच्या अंगाला बोटभर बीड उरलं होतं, त्यावर एवढं बीम! बाबांनी पोकळीत बोट फिरवून पाहिलं. "बाय..." एवढंच म्हणाले आणि दोन्ही तुकडे उचलून शेठकडे निघाले.

शेठ आधी खूप ओरडले, "दसरे को मशीन बंद?" तुकडे पाहिल्यावर त्यांनीच उजवंही नवं ओतून घ्यायला सांगितलं. 

मी ऑफिसात येऊन फाइल उघडली. पोकळी नव्हती. कट पहिल्या झटक्यात गेला. सर म्हणाले, बीड ओतताना हवा अडकते, पोकळी राहते, त्यात नवल काय? मान्य! ती ब्रॅकेटमध्ये कशी आली ते कळतं हो, माझ्या फाइलमध्ये कशी आली?

बाबा मात्र येईल-जाईल त्याला कौतुकाने सांगायचे आणि मला चिडवायचे, "मला पन घाल त्या कंपुटरान. बग, कुठं पोकल हाय काय." आम्ही सगळे हसायचो.

दोन-तीन वर्षांनी बाबा गेले. पोटाचा कॅन्सर. बाहेरून माणूस ठणठणीत, दिवसभर मशिनखाली वाकून काम करणारा. कळलं तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली. मी वेड्यासारखी आधीचे महिने आठवत बसले — काही अडलं होतं का, काही दिसलं होतं का, माझं लक्ष नव्हतं का? काही नाही. रोज मॉडेलं करत होते आणि सगळे कट सरळ जात होते.

ती पोकळी फाइलमध्ये कुठून आली, मला आजही माहीत नाही. खरं सांगायचं तर आता त्याचं एवढं काही वाटतही नाही. एका बिडाच्या तुकड्यासाठी कुणीतरी मला दिवसभर अडवून धरलं. मग माझ्या बापाच्या वेळी का नाही अडवलं? कुणाला माहीत असेल तर सांगा. मी हसणार नाही.